रागात बोललेल्या एका वाक्यासाठी ६० दिवसांचे रोजे. काय आहे ‘जिहार’?

नवरा-बायकोच्या भांडणात तोंडून वाटेल ते निघतं आणि ‘रागात बोललो’ म्हणत विषय मिटवला जातो. इस्लामी परंपरेत मात्र अशा एका वाक्यामुळे कुराणातल्या एका अध्यायाला नाव मिळालं.

नेमकं काय घडलं?
इस्लामपूर्व अरबस्तानात पत्नीला ‘तू मला आईच्या पाठीसारखी’ असं म्हणून पती तिच्याशी संबंध तोडत असे. हाच जिहार. पत्नीची अवस्था ना संसारात, ना मोकळी. मदिनेत खौला बिन्त सअलबा यांना वृद्ध पतीने हेच ऐकवलं. त्या प्रेषित मोहम्मद पैगंबरांकडे गेल्या आणि वाद घालत राहिल्या. ५८व्या अध्यायाचं नावही ‘अल-मुजादिला’, म्हणजे वाद घालणारी स्त्री.

प्रायश्चित्त काय?
कुराणाने हे बोलणं खोटं आणि निंद्य ठरवलं. पत्नीजवळ परतण्याआधी गुलामाची मुक्तता, ते शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे, तेही न झेपल्यास ६० गरिबांना जेवण. खौलांच्या पतीला यातलं काहीच जमणारं नव्हतं. हदीसनुसार, शेवटी दानासाठीच्या खजुरांत खौलांनीच भर घातली!

घरातली भाषा
पैगंबरांच्या घरीही रुसवेफुगवे होतेच. पत्नी आयेशा खूश असल्या की ‘मोहम्मदांच्या ईश्वराची’ शपथ घेत. रुसल्या की ‘इब्राहिमांच्या ईश्वराची’. पैगंबरांनी हा फरक हेरला आणि तो त्यांना सांगितला. आयेशांनी कबूल केलं, मात्र आपण सोडतो ते फक्त नाव, असंही सांगितलं.