आरएमएस कार्पेथिया

आरएमएस कार्पेथिया हे ब्रिटनच्या क्युनार्ड कंपनीचे वाफेवर चालणारे प्रवासी व मालवाहू जहाज होते. ते १९०३ ते १९१८ या काळात सेवेत होते. १९१२ मध्ये टायटॅनिकच्या वाचलेल्या प्रवाशांना उचलून घेतल्यामुळे त्याचे नाव जगभर झाले. मात्र त्याच्या कारकिर्दीचा मोठा भाग युरोपातून अमेरिकेला जाणाऱ्या स्थलांतरितांच्या वाहतुकीत गेला.

बांधणी

जहाजाचे जलावतरण ६ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ झाले. त्याची लांबी सुमारे १७० मीटर व स्थूल टनभार सुमारे १३,६०० होता. त्याला एक उंच धुराडे आणि चार डोलकाठ्या होत्या. इंजिनांत तीच वाफ एकापाठोपाठ चार टप्प्यांत वापरली जात असल्याने कोळशाची बचत होई. नेहमीचा वेग सुमारे १४ नॉट, म्हणजे ताशी १४ सागरी मैल, एवढाच होता. वेगाच्या स्पर्धेपेक्षा कमी खर्चात अधिक माणसे व माल वाहून नेणे हा बांधणीमागील हेतू होता.

नियमित सेवा

पहिली सफर ५ मे १९०३ रोजी लिव्हरपूलहून बोस्टनकडे झाली. १९०४ मध्ये क्युनार्डने हंगेरीच्या सरकारशी स्थलांतरितांच्या वाहतुकीचा करार केला. तेव्हापासून भूमध्य समुद्रातील बंदरे ते न्यूयॉर्क हा जहाजाचा मुख्य मार्ग झाला. त्यात फ्यूमे (आजचे क्रोएशियातील रियेका), त्रिएस्ते व नेपल्स ही बंदरे होती. १९०५ मधील फेरबदलांनंतर तिसऱ्या वर्गात दोन हजारांहून अधिक प्रवाशांची सोय झाली. परतीच्या फेरीत अमेरिकी पर्यटक आणि मायदेशी परतणारे स्थलांतरित असत.

टायटॅनिकची मदत

११ एप्रिल १९१२ रोजी कार्पेथिया न्यूयॉर्कहून फ्यूमेकडे निघाले. १५ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर बिनतारी यंत्रचालक हॅरॉल्ड कॉटम यांना टायटॅनिकचा संदेश मिळाला. कप्तान आर्थर रोस्ट्रॉन यांनी तत्काळ जहाज वळवले. सर्व वाफ इंजिनांना मिळावी म्हणून प्रवाशांच्या खोल्यांतील उष्णता व गरम पाणी बंद करण्यात आले. कप्तानांच्या हिशेबाने अंतर ५८ सागरी मैल होते व ते सुमारे साडेतीन तासांत कापले गेले. त्यावरून १७ नॉट वेगाची ख्याती पसरली. परंतु १९८५ मध्ये टायटॅनिकचे अवशेष कळवलेल्या स्थानापासून दूर, कार्पेथिया ज्या दिशेने आले त्या बाजूला सापडले. म्हणजे प्रत्यक्ष अंतर व वेग दोन्ही कमी असावेत. सातशेहून अधिक लोकांना घेऊन जहाज १८ एप्रिलला न्यूयॉर्कला पोहोचले आणि लगेचच आपल्या खंडित सफरीवर पुन्हा निघाले.

अखेर

पहिल्या महायुद्धात जहाजाने सैनिकांची वाहतूक केली. १७ जुलै १९१८ रोजी लिव्हरपूलहून बोस्टनकडे जाताना, आयर्लंडजवळ जर्मन पाणबुडी यू-५५ ने पाणतीर मारून ते बुडवले. इंजिनविभागातील पाच कर्मचारी मृत्युमुखी पडले. इतरांना एचएमएस स्नोड्रॉप या युद्धनौकेने वाचवले.