ओल असूनही पीक तहानलेले का राहते?

गेवराई व माजलगाव तालुक्यांतील पाटपाण्याखालच्या काळ्या भारी जमिनीत काही ठिकाणी एक चमत्कारिक दृश्य पाहावयास मिळते. पाळी देऊन चार दिवसही झालेले नसतात, ढेकूळ हाती घेतले तर ओल लागते, आणि तरीही पीक माना टाकून उभे असते. पाणी कमी पडले असे समजून शेतकरी पुन्हा दारे धरतो. सरीच्या माथ्यावर पांढरा थर दिसत असेल, तर दोष पाण्याच्या कमतरतेचा नसून क्षारांचा आहे असा संशय घ्यावा.

याचे मर्म मुळांच्या पेशींत आहे. प्रत्येक पेशीभोवती अतिशय पातळ पटल असते. त्यातून पाणी सहज ये-जा करते. विरघळलेले क्षार मात्र तितक्या सहज जात नाहीत. अशा पटलाच्या एका बाजूस पातळ व दुसऱ्या बाजूस दाट द्रावण असले, की पाणी पातळाकडून दाटाकडे जाते. यास परासरण म्हणतात. एरवी पेशीतील रस जमिनीतील पाण्यापेक्षा दाट असल्याने पाणी मुळात शिरते. जमिनीत क्षार साचले म्हणजे हा फरक घटतो व समोर असलेले पाणीही पिकास ओढता येत नाही. क्षार फारच वाढले, तर पेशीतील पाणीच बाहेर पडते. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींस पाणी सुटते ते याच कारणाने.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे सभेतच दाखवावे. बटाट्याच्या काही चकत्या साध्या पाण्यात व काही दाट मिठाच्या पाण्यात ठेवाव्यात. तास-दोन तासांनी पहिल्या ताठ, तर दुसऱ्या लिबलिबीत झालेल्या आढळतील. तासाभराच्या भाषणापेक्षा हा प्रयोग अधिक पटतो.

पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली बसविण्यात आली व १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी बीड जिल्ह्यात येते. कोणत्याही पाण्यात थोडे क्षार असतातच; पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. निचरा नसलेल्या जमिनीत भूजलाची पातळी चढते आणि खालचे क्षारही वर येतात. म्हणून आधी चर काढावेत व नंतरच चांगले पाणी देऊन क्षार धुऊन काढावेत. जिप्सम चोपण जमिनीसाठी आहे. माती परीक्षणावाचून ते टाकू नये. युरियाची मूठ बुडख्याशीच टाकल्यास रोप करपते, त्यातही या परासरणाचा वाटा असतो.

अन्नद्रव्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. नत्र, पालाश इत्यादी द्रव्ये पटलातील विशिष्ट प्रथिनांच्या द्वारे आत घेतली जातात व त्यासाठी पेशीस शक्ती खर्चावी लागते. ती श्वसनातून मिळते, आणि श्वसनास हवा हवी. शेतकऱ्यांचा ‘वाफसा’ हा शब्द ओल व हवा या दोहोंचा मेळ इतक्या नेमकेपणाने सांगतो, की पुस्तकी व्याख्येची गरजच उरत नाही. पाणी साचलेल्या शेतातील कपाशी खत असूनही पिवळी पडते, कारण तिची मुळे गुदमरलेली असतात. अशा वेळी प्रथम साचलेले पाणी बाहेर काढावे आणि वाफसा आल्यानंतरच खताची मात्रा द्यावी. तोपर्यंत आधार म्हणून १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया विरघळवून, ऊन उतरल्यावर, पानांवर फवारावा.