‘नेक्रोस’ आणि ‘मेलेला’

नव्या करारातील ‘नेक्रोस’ हा ग्रीक शब्द मराठीत आणताना अर्थापेक्षा व्याकरणाचीच अडचण अधिक जाणवते. हा शब्द मूळचा विशेषण. नेक्रोस, नेक्रा, नेक्रोन अशी त्याची तीन लिंगांतील रूपे होतात. याकोबाच्या पत्रातील एकाच वाक्यात (२:२६) शरीराला ‘नेक्रोन’ आणि विश्वासाला ‘नेक्रा’ म्हटले आहे, कारण ग्रीकमध्ये शरीर नपुंसकलिंगी, तर विश्वास स्त्रीलिंगी आहे. मराठीत ‘मृत’ हे तत्सम विशेषण अविकारी राहते. ‘मेलेला, मेलेली, मेलेले’ मात्र ग्रीकाप्रमाणेच लिंगवचनानुसार बदलते.

परंतु ‘मेलेला’ हे धातुसाधित असल्यामुळे त्यात मरण्याची क्रिया पूर्ण झाल्याची सूचना आहे. ग्रीकमध्ये त्यासाठी ‘तेथ्नेकोस’ असे निराळे रूप असून, लाजरस कबरेतून बाहेर येतो त्या ठिकाणी (योहान ११:४४) तेच योजिले आहे. ‘नेक्रोस’ केवळ स्थिती सांगतो. मराठीत हा भेद सहसा पुसला जातो, आणि त्याला फारसा इलाज नाही.

खरा प्रश्न अनेकवचनाचा आहे. ‘एक नेक्रोन’ (येथील ‘एक’ म्हणजे ‘मधून’) याचा अर्थ मेलेल्यांच्या समूहातून. बोलण्यात सहज येणारे ‘मरणातून उठला’ हे भाषांतर येथे अपुरे पडते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१५:१२) ख्रिस्ताचे उठणे आणि सर्व मृतांचे उठणे ही दोन्ही ‘नेक्रोन’ ह्या एकाच रूपाने सांगितली आहेत, व पौलाचा पुढील सारा युक्तिवाद त्या एकतेवर उभा आहे. एके ठिकाणी ‘मरण’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘मृत’ लिहिले की तो सांधा निखळतो.

सातारा व सांगली (१९४९ ते १९६० या काळातील ‘दक्षिण सातारा’) ह्या जिल्ह्यांतील बोलीत पर्यायांची वाण नाही. महसुली दप्तरातला ‘मयत’ खेड्यात ‘मयतीला जाणे’ असा नांदतो. अंत्यविधीला ‘माती’ म्हणतात, मग प्रेत पुरलेले असो वा जाळलेले. ‘मढे’ म्हणजे निव्वळ प्रेत. ते उठेल कसे? ‘मेल्यांतून’ हे आखूड रूप सोपे खरे, पण ‘मेल्या’ ही बायकांच्या तोंडची शिवी असल्याने शास्त्रवाचनात ते कानाला खटकते. ‘मेलेल्यांतून’ हे लांबट रूप रूढ झाले ते योग्यच म्हटले पाहिजे.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून केलेले सुबोध भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला, तोही ख्रिस्ती विचाराला देशी वाणी देण्याच्या ओढीतूनच.

व्युत्पत्तीने ‘नेक्रोस’ हा ‘मृत’चा नव्हे, तर संस्कृत ‘नश्’ धातूचा सगोत्र आहे. दूध नासते ते ‘नासणे’ त्याच घराण्यातले; ‘मृत’चा ग्रीक भाऊ ‘ब्रोतोस’, म्हणजे मर्त्य, आणि तो तर जिवंत माणसाला लावतात.