बोटं रंग का बदलतात?

अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या पायथ्याशी पहाटे गार पाण्यात हात घातला, की कुणाचीही बोटं गारठतात. पण एखाद्याची बोटं आधी पांढरीफटक, मग निळी नि ऊब मिळताच लाल झाली, तर? हा असू शकतो 'रेनॉ'चा त्रास! १८६२ मध्ये मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरांनी तो मांडला. थंडीनं बारीक रक्तवाहिन्या एकदम आवळतात, बोटांना रक्त कमी पडतं.

तपासणी मुळीच दुखत नाही. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब ठेवून डॉक्टर भिंगातून केशवाहिन्या पाहतात. त्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या दिसल्या, तर रक्तही तपासतात. कारण मागे दुसरा आजार असू शकतो. घरी बर्फात बोटं घालून पाहू नका हं! हातमोजे घाला, नि लपवू नका, आईबाबांना दाखवा.