आधी जाऊन आलेल्या बाईला विचारावे

गेल्या गणेशोत्सवात मी आरतीला का दिसले नाही, असे मंडळातल्या पुष्कळ जणींनी विचारले. मी सर्वांना ‘पाठ धरली आहे’ असे सांगितले. ते खरे नव्हते. त्या दिवसांत मी डब्लिनच्या एका रुग्णालयात होते. पोटावरची कातडी आणि चरबी घेऊन माझा डावा स्तन नव्याने घडवण्याची शस्त्रक्रिया झाली होती. हा लेख मी आपण होऊन संपादकांकडे पाठवला आहे. का, ते शेवटी येईलच.

माझे वय ३७. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतली, आणि गेली आठ वर्षे डब्लिनमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करते. घरी नवरा आणि चार वर्षांची मुलगी. पस्तिसाव्या वर्षी आंघोळ करताना हाताला गाठ लागली. येथे एक गोष्ट सर्व भगिनींनी लक्षात ठेवावी. ‘ब्रेस्टचेक’ ही सरकारी योजना ५० ते ६९ वयाच्या स्त्रियांनाच दर दोन वर्षांनी मॅमोग्रामसाठी बोलावते. तिशी-चाळिशीत आपल्याला पत्र येत नाही. गाठ लागली, कातडीला खळी पडली किंवा स्तनाग्र आत ओढले गेले, तर पत्राची वाट न पाहता जी. पी. कडे जायचे. ते पुढे स्तनविकारांच्या खास क्लिनिककडे पाठवतात. मी गेले. केमोथेरपी झाली, स्तन काढावा लागला, मग किरणोपचार झाले. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ब्रेसियरच्या आत सिलिकॉनची गादी घालून मी ऑफिसला जात होते.

कशाला परत कापाकापी?

पुनर्रचनेचा विचार घरी काढला तेव्हा आई मिरजेहून फोनवर म्हणाली, “अगं, जीव वाचला ना? मग आता कशाला परत कापाकापी? कोणाला दाखवायचंय?” नवरा म्हणाला, “मला काही फरक पडत नाही.” दोघेही प्रेमाने बोलत होते, पण त्या वाक्यांनी बोलणे तिथेच संपले. मला काय फरक पडतो, हे कोणी विचारले नाही. मला फरक एवढाच पडत होता की वाकताना, मुलीला उचलताना, पोहायला जाताना सतत एक हात गळ्याशी जायचा. दिवसभरात एक तास तरी मला ते विसरायला हवे होते.

डॉक्टरांनी तीन मार्ग सांगितले. पहिला, काहीच न करणे. हाही पूर्ण आणि चांगला निर्णय आहे, आणि पुष्कळ स्त्रिया तो समाधानाने घेतात. दुसरा, सिलिकॉनचे इम्प्लांट. १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे ते प्रथम बसवले गेले. त्याची शस्त्रक्रिया लहान आणि पोटाला धक्का नाही. पण ते आयुष्यभर टिकेलच असे नसते, आणि किरणोपचार झालेल्या छातीत त्याच्याभोवतीचे आवरण आक्रसण्याचा त्रास अधिक होतो. तिसरा, स्वतःच्याच शरीराचा भाग वापरणे. त्यातल्या ‘डीप’ नावाच्या पद्धतीत बेंबीखालची कातडी व चरबी रक्तवाहिन्यांसह काढतात, पोटाचा स्नायू जागेवरच ठेवतात, आणि त्या बारीक वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीतल्या वाहिन्यांना जोडतात. सहा ते आठ तास, कधी त्याहून जास्त. क्वचित जोडलेली वाहिनी बंद पडते आणि सारे वाया जाते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. मी तिसरा मार्ग घेतला.

या विद्येचा एक धागा आपल्या पुण्याशी जुळतो. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’ या मासिकात एक पत्र छापून आले. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक करून दिले, असा त्यात वृत्तांत होता. ती कातडी त्याने एका बाजूने जोडलेलीच ठेवली, म्हणून ती जगली. पुढे १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया केली. आज कातडी पूर्ण सुटी करून नेतात, पण सूत्र तेच आहे: हलवलेल्या भागाला रक्त मिळत राहिले पाहिजे. आईला ही हकीकत सांगितली तेव्हा तिने पहिल्यांदा मला मध्येच न तोडता ऐकले.

उरलेले अकरा प्रश्न

आमच्या व्यवसायाच्या सवयीने मी प्रश्नांचा तक्ता केला. एकूण ४१ प्रश्न. सर्जनने तीस प्रश्नांची उत्तरे शांतपणे दिली. उरलेले अकरा वैद्यकीय नव्हतेच. पलंगावरून उठायचे कसे? मुलगी अंगावर झेपावली तर काय? नळ्या लावलेल्या असताना कपडे कोणते घालायचे? केव्हा वाटायला लागते की हे अंग आपलेच आहे?

क्लिनिकमधल्या नर्सने आयरिश कॅन्सर सोसायटीच्या ‘पीअर सपोर्ट’चे नाव सांगितले. त्याच आजारातून जाऊन आलेला, त्यासाठी प्रशिक्षण घेतलेला स्वयंसेवक ते आपल्याला फोनवर जोडून देतात. पैसे लागत नाहीत. या कल्पनेला मोठा इतिहास आहे. न्यूयॉर्कच्या टेरीस लॅसर यांचा स्तन १९५२ साली काढावा लागला. त्यानंतर त्या स्वतःच इतर रुग्ण स्त्रियांना रुग्णालयात भेटू लागल्या. डॉक्टरांना आधी ते रुचले नाही, पण त्यातूनच ‘रीच टू रिकव्हरी’ हे काम उभे राहिले आणि देशोदेशी गेले. आपल्या मुंबईतही कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ साली ‘व्ही केअर’ ही संस्था सुरू केली.

मला जोडून दिलेली बाई मेयो परगण्यातली, निवृत्त, सहा वर्षांपूर्वी हीच शस्त्रक्रिया झालेली. तिचा पहिला प्रश्न होता, “तुझ्या घरी हातांची उंच खुर्ची आहे का? सोफ्यातून तुला उठता येणार नाही.” मी वही ओढली आणि लिहायला लागले.

कोणता मार्ग निवडू, असे विचारल्यावर ती म्हणाली, “ते मी सांगणार नाही. ते तू आणि तुझे सर्जन.” पण वाईट काय होईल ते तिने लपवले नाही. छातीपेक्षा पोट जास्त दुखेल. नव्या स्तनाला पूर्वीसारखी संवेदना येणार नाही. तिसऱ्या आठवड्यात वाटेल की उगाच केले. “तसे वाटले की मला फोन कर. चौथ्या आठवड्याआधी कसलाही निष्कर्ष काढायचा नाही.”

तयारी

तिच्या आणि नर्सच्या सांगण्यावरून केलेली यादी देते. ज्याच्या घरी पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे, त्यालाही ती उपयोगी पडेल.

१. रोजचे डबे, चहा-साखर, औषधे कमरेच्या उंचीवर आणून ठेवावीत. सहा आठवडे हात वर ताणायचा नाही आणि जड उचलायचे नाही. दोन लिटरचा दुधाचा कॅनसुद्धा सुरुवातीला जड. कुकर आणि कणकेची पिशवी दुसऱ्याने उचलावी.

२. पुढून उघडणारे कपडे. मी सुती गाऊन मिरजेहून मागवले. निचऱ्याच्या नळ्यांच्या बाटल्या ठेवायला आईने जुन्या साडीच्या खांद्याला अडकवायच्या पिशव्या शिवल्या. वॉर्डातल्या दोघींनी त्या मागून घेतल्या.

३. चार उशा: पाठीला दोन, गुडघ्याखाली एक, आणि गाडीत पट्ट्याखाली धरायला एक लहान.

४. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी. टॅमॉक्सिफेनसारख्या काही गोळ्या शस्त्रक्रियेआधी थांबवतात, कारण रक्ताच्या गुठळीचा धोका असतो. हे डॉक्टरांनी ठरवायचे, आपण नव्हे. धूम्रपान मात्र बंदच.

५. मुलांना आधी सांगावे. “आईच्या पोटाला टाके आहेत, सहा आठवडे उचलायचे नाही, पण शेजारी बसून गोष्ट ऐकायची,” असे आम्ही सांगितले. मुलीने कॅलेंडरवर खुणा केल्या.

६. भारतातून कोणी येणार असेल तर त्यांचा अल्पमुदतीचा व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो. माझी तारीख ऐनवेळी तीन आठवडे पुढे गेली, आणि आईचे तीन आठवडे नुसते वाट पाहण्यात गेले. तिकीट बदलता येईल असेच घ्यावे.

रुग्णालयात आणि घरी

पहिले दोन दिवस दर तासाला नर्स येऊन नव्या स्तनाचा रंग आणि ऊब पाहत असे, आणि लहान यंत्राने रक्ताचा आवाज ऐकत असे. भर रात्री तो घुसघुस आवाज ऐकला की मला बरे वाटे. खोली मुद्दाम गरम ठेवली होती. दुसऱ्या दिवशी उभे केले, तेव्हा मी काटकोनात वाकलेली. पोटाची कातडी ओढून शिवलेली असल्यामुळे पहिले काही दिवस सर्वच जणी तशा चालतात. सहाव्या दिवशी घरी आले.

गणपती आमच्याकडे दीड दिवसाचा होता. आईने मोदक केले, मी त्या हातांच्या खुर्चीत बसून आरती म्हटली. त्याच खुर्चीत, बरोबर एकोणिसाव्या दिवशी, मी रडत मेयोला फोन केला. पोटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत टाके, सूज, आणि आरशात एक परकी बाई. ती म्हणाली, “आज कितवा दिवस?” मी सांगितले. “मग बरोबर आहे,” ती म्हणाली, आणि आईच्या मोदकांची कृती विचारत बसली.

पाचव्या आठवड्यात मी सरळ चालू लागले. अचानक ब्रेक दाबता येईल अशी खात्री झाल्यावर आणि सर्जनला विचारून, सहाव्या आठवड्यात गाडी चालवली. आठव्यात घरून काम सुरू केले.

पैशाचे

मी सार्वजनिक व्यवस्थेतूनच उपचार घेतले. सरकारी रुग्णालयात राहण्याचे दररोजचे ८० युरो शुल्क एप्रिल २०२३ पासून रद्द झाले आहे. औषधांसाठी ‘ड्रग्ज पेमेंट स्कीम’चे कार्ड काढावे. त्यात पूर्ण कुटुंबाला महिन्याला ८० युरोंहून जास्त भरावे लागत नाहीत. स्वतः केलेल्या वैद्यकीय खर्चावर २० टक्के करसवलत मिळते आणि ती चार वर्षांच्या आत मागता येते, म्हणून पावत्या फेकू नयेत.

पगाराचे आधीच पाहावे. कायद्याने मालकाला वर्षाला पाचच दिवसांचा आजारपणाचा पगार द्यावा लागतो, तोही ७० टक्के आणि दिवसाला ११० युरोंपर्यंत. माझ्या कंपनीने सहा आठवड्यांचा दिला, कारण करारात तसे लिहिले होते. आपला करार आज रात्रीच काढून वाचा. सरकारी ‘इलनेस बेनिफिट’साठी निदान १०४ आठवड्यांचे पी. आर. एस. आय. भरलेले असावे लागते. नव्याने आलेल्यांनी हे ध्यानात ठेवून हाताशी शिल्लक ठेवावी.

खाजगी विमा घेणार असाल तर निरोगी असतानाच घ्या. नव्या आजारासाठी २६ आठवडे थांबावे लागते, आणि विमा घेण्याआधीपासून असलेल्या आजारासाठी पाच वर्षे. वयाच्या ३५ व्या वर्षानंतर पहिल्यांदा घेतला तर ३४ वरील प्रत्येक वर्षामागे हप्ता २ टक्के वाढतो. देशात नव्याने येणाऱ्यांना मात्र नऊ महिन्यांची सवड असते.

शेवटचे

जानेवारीत तपासणीसाठी क्लिनिकमध्ये बसले होते. समोरच्या रांगेत मंडळातलीच एक मुलगी दिसली, माझ्याहून लहान. आम्ही एकमेकींना पाहिले आणि दोघींनीही मोबाईलमध्ये मान घातली. त्याच आठवड्यात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही शेजारी शेजारी बसलो, तिळगूळ दिला-घेतला, आणि हवापाण्याचे बोललो. आठ दिवसांनी रात्री तिचा फोन आला. “ताई, तुमचं पण तेच का?”

गाठ तिला चार महिन्यांपूर्वीच लागली होती. पन्नाशीनंतर बोलावतात, म्हणजे आपल्या वयात काही नसणार, असे तिने धरले होते. मंडळात दोनशे बायका, पण विचारायला एकही दिसली नाही, असे ती म्हणाली. तिला दिसेल तरी कशी? मी स्वतःच ‘पाठ धरली’ म्हणून सांगत होते.

आता तिचा स्तन काढायचा आहे, आणि पुढे पुनर्रचना करायची की नाही हे तिचे तिने ठरवायचे आहे. मी तिला कोणता मार्ग घे ते सांगितलेले नाही. हातांची खुर्ची मात्र तिच्याकडे पोचवली आहे, आणि तिच्याच परवानगीने हे लिहिते आहे. मेयोच्या बाईला मी अजून पाहिलेले नाही, फक्त आवाज ओळखते.

आयरिश कॅन्सर सोसायटीचा मोफत फोन १८०० २०० ७०० असा आहे. आणि मराठीतून बोलावेसे वाटले, तर संपादकांकडे निरोप ठेवावा. मी फोन करीन.