मार खाल्लेल्या घोड्याला आणखी मार हे औषध नव्हे

‘शर्यतीचं घोडं हाय ते. त्याला चाबकाचीच भाषा कळते. चार टाकल्याशिवाय जाग्यावर येत न्हाई.’

चिकोडी, निपाणी, रायबाग या पट्ट्यात घोडागाडीच्या शर्यतीतून बाद झालेलं घोडं कुणी स्वस्तात विकत आणलं, की हा सल्ला त्याला हमखास ऐकायला मिळतो. देणारे बहुधा जनावरांत वाढलेले लोक असतात, म्हणून घेणाराही तो खरा मानतो. हात वर केला की मान झटकणारं, मागून कुणी आलं की दुगाण्या झाडणारं ते बिचारं जनावर पुन्हा मार खातं आणि कायमचं कामातून जातं. इतकी वर्षं ऐकूनही या सल्ल्याचा संताप कमी होत नाही.

हा सल्ला खरा वाटतो, कारण मारल्यावर घोडं शांत झालेलं दिसतं. ही शांतता नीट पाहा. मान खाली, नजर एका जागी खिळलेली, कान हलत नाहीत, अंगावर माशी बसली तरी कातडी थरथरत नाही. हे ऐकणं नव्हे. आपण काहीही केलं तरी मार थांबत नाही एवढंच ते शिकलेलं असतं, म्हणून त्याने सगळंच सोडून दिलेलं असतं. निरोगी घोडं लाथ मारण्याआधी सूचना देतं: कान मागे टाकतं, शेपूट आपटतं, पाय उचलून धरतं. या सूचनांवरही मार मिळत गेला की ते सूचना देणं बंद करतं. मग एक दिवस ‘काही कारण नसताना’ कुणाची तरी बरगडी मोडते. कारण असतं. आपणच ते दिसेनासं केलेलं असतं.

ज्यांना हे पटत नाही त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगतो. ब्रिटनमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१८ साली ‘करंट बायॉलॉजी’त तो प्रसिद्ध केला. घोड्यांना एका माणसाचा फोटो दाखवला, काहींना रागावलेला, काहींना हसरा. काही तासांनी तोच माणूस निर्विकार चेहऱ्याने समोर आला. घोड्याने कोणता फोटो पाहिलाय हे त्या माणसालाही माहीत नव्हतं. रागाचा फोटो पाहिलेले घोडे त्याच्याकडे डाव्या डोळ्याने जास्त पाहत होते. डाव्या डोळ्याने दिसलेलं मुख्यतः मेंदूच्या उजव्या भागाकडे जातं आणि धोक्याची दखल प्रामुख्याने तिथे घेतली जाते. एक रागीट फोटो एवढा लक्षात राहतो, तर वर्षानुवर्षांचा चाबूक किती राहत असेल?

याच स्मरणशक्तीची दुसरी बाजू आशेची आहे. फ्रान्समधल्या संशोधकांनी खाऊचं बक्षीस देऊन शिकवलेले घोडे आठ महिन्यांपर्यंतच्या खंडानंतरही शिकलेलं विसरले नव्हते आणि माणसाजवळ आपणहून येत होते (‘ॲनिमल बिहेवियर’, २०१०). मात्र जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी आठवण उभी राहते. म्हणून घरी लाडात आलेलं घोडं जत्रेतल्या हलगीच्या आवाजाने एकदम बिथरतं. त्याला ‘उलटलं’ म्हणू नये.

नवी आठवण तयार करायची तर आधी पशुवैद्याला बोलवा. ‘खोड’ म्हणून जे सांगितलं जातं ते पुष्कळदा दुखणं असतं. लगामाची कडी घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसते, तिथे हाडावर पातळ त्वचा असते. काटेरी लगाम वापरलेल्या घोड्याची जीभ आणि ओठांचे कोपरे उघडून बघा. असा लगाम ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार बेकायदा आहे. पण १९६० च्या प्राणिक्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवलाय १० ते ५० रुपये. त्याची जरब कुणाला बसणार?

मग रोज एकाच माणसाने, ठरलेल्या वेळी जायचं. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जा. मान ताठ झाली, डोळ्याचं पांढरं दिसलं, की थांबा. त्याने श्वास सोडला, कान हलवले, की तुम्ही मागे सरा. तुमचं मागे सरणं हेच त्याचं बक्षीस. ते पळत असताना मागे सरलात तर पळणंच शिकवाल. पहिला स्पर्श तोंडाला नको. मानेच्या बुडाशी, खांद्याच्या उंचवट्यावर खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात आणि तिथे खाजवल्याने हृदयाचे ठोके मंदावतात हे १९९३ साली मोजून दाखवलं गेलंय.

‘पण चाबकाशिवाय घोडं पळणार कसं?’ चिकोडी तालुक्यातल्या माणसाने तरी हे विचारू नये. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे अश्व याच तालुक्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून जातात, आळंदीपर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटर चालत. रिंगणात माउलींचा अश्व रिकाम्या पाठीने, टाळ-मृदंगाच्या गजरात, हजारो माणसांमधून धावतो. तो मार खाल्लेला घोडा नव्हे हे मान्य. पण पळण्यासाठी पाठीवर कुणी चाबूक घेऊन बसावं लागत नाही हे दरवर्षी लाखो लोक पाहतात. ऑस्ट्रेलियातल्या शर्यतींच्या २०११ च्या अभ्यासातही शेवटच्या टप्प्यात चाबूक वाढला आणि वेग मात्र कमीच होत गेला.

बाकीचे समज थोडक्यात. ‘कातडी जाड, त्याला काय लागतंय’: सिडनी विद्यापीठाच्या २०२० च्या तपासणीत माणसाच्या आणि घोड्याच्या बाह्यत्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांच्या संख्येत लक्षणीय फरक आढळला नाही. ‘घोडं सूड धरतं’: ते लक्षात ठेवतं आणि घाबरतं, चावणं त्या भीतीतून येतं. ‘गूळ-हरभरा चारा, वश होईल’: भुकेलं घोडं थरथरत असतानाही खातं, आणि एकदम जास्त हरभरा दिला तर पोटशूळ होईल. ‘एकटं बांधा, म्हणजे माणसाचा लळा लागेल’: कळपातलं जनावर एकटं पडलं की जास्त घाबरतं, शेजारी दुसरं घोडं ठेवा, नाहीतर निदान एखादी शेळी. ‘घोडं उभ्यानेच झोपतं’: डुलकी उभ्याने घेतं, गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं. नव्या जागी अनेक दिवस आडवं झालं नाही तर त्याला अजून सुरक्षित वाटत नाही, किंवा काहीतरी दुखतंय.

आणि ‘किती दिवसांत सुधारेल?’ याला आकडा नाही. तोंडातली जखम भरल्याचं पशुवैद्याने सांगेपर्यंत नुसत्या मोरकीवर फिरवा. पुढे लगाम लागलाच तर साधा, गुळगुळीत कडीचा घ्या. घोड्यासोबत आलेला जुना काटेरी लगाम दुसऱ्या कुणाला देऊ नका, विकू नका, तोडून भंगारात घाला.