नकाशात आपली वस्ती कुठे?

चौथी-पाचवीतल्या मुलाला आपल्या गावाचा नकाशा काढायला सांगा. तो पार काढतो, देऊळ काढतो, ग्रामपंचायत आणि शाळा काढतो, एस.टी.चा थांबाही विसरत नाही. आपण राहतो ती वस्ती मात्र बहुधा कागदाच्या कडेला जाते, नाहीतर कागदातच मावत नाही. रविवारी विहारात मुलांचा अभ्यासवर्ग घेताना हा प्रकार आम्ही पुन्हा पुन्हा पाहिला आहे. म्हणून आम्ही सुरुवातच विहाराच्या दारापासून करतो. दार कागदाच्या मधोमध. तिथून हापसा किती पावले, शाळा किती पावले, हे मुलांनी स्वतः चालून मोजायचे. शंभर पावलांना कागदावर एक बोट. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला 'प्रमाण' म्हणतात ते एवढेच असते, आणि एकदा पायाने मोजले की ते मूल जन्मभर विसरत नाही.

दिशांचा घोटाळा याहून मोठा. भिंतीवर टांगलेल्या नकाशामुळे उत्तर म्हणजे 'वर' आणि दक्षिण म्हणजे 'खाली' असे मुलांच्या डोक्यात पक्के बसते. मग त्यांना विचारावे, आपली बिंदुसरा कुठून कुठे वाहते? पालीच्या तलावाकडून ती बीड शहरात येते आणि पुढे सिंदफणेला मिळते, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे. नकाशात पाहिले तर नदी चक्क वर चढताना दिसते! मुले हसतात. या हसण्यातच धडा आहे. बालाघाटाचे डोंगर दक्षिणेला, गंगथडीचा सखल भाग उत्तरेला, आणि पाणी उताराने जाते, कागदाच्या वर-खालीने नाही. नकाशा भिंतीवरून काढून जमिनीवर अंथरावा, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे करावी. निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

पृथ्वीगोल बहुतेक शाळांत असतो, पण कपाटात कुलूपबंद असतो. मुलांनी फोडला तर भरून कोण देणार, ही गुरुजींची धास्ती! शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतील तर त्यांनी तो बाहेर काढण्याचा आग्रह धरावा. तोवर एक संत्रे घ्या. त्यावर पेनाने विषुववृत्त आणि चार-सहा रेखावृत्ते काढा आणि साल सोलून पाटावर सपाट करा. ती फाटतेच. गोल पृथ्वी सपाट कागदावर जशीच्या तशी उतरत नाही, कुठेतरी ताणावीच लागते. जगाच्या काही नकाशांत ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो तो यामुळे. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे आणि आपला भारतही ग्रीनलंडच्या दीडपट भरतो.

गोलावर बीड शोधताना दोन आकडे सांगावेत: सुमारे १९ अंश उत्तर अक्षांश आणि पाऊणे शहात्तर अंश पूर्व रेखांश. हे आकडे पाठ करून घेण्यापेक्षा दाखवता येतात. रात्री उत्तरेला तोंड करून हात ताठ धरला, तर एक मूठ साधारण १० अंशांची होते. क्षितिजापासून जेमतेम दोन मुठींवर ध्रुवतारा सापडतो; ध्रुवाची उंची तोच आपला अक्षांश. रेखांशासाठी अंगणात काठी रोवावी. घड्याळात बारा वाजले तरी काठीची सावली सर्वांत आखूड झालेली नसते, ती साडेबाराच्या आगेमागे होते. कारण भारताचे घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर लावलेले आहे. आपण त्याच्या पश्चिमेला पावणेसात अंश, आणि दर अंशाला चार मिनिटे. हिशेब मुलांना करू द्या, २७ मिनिटे येतात. मेच्या मध्याला तर ऐन मध्यान्ही काठीची सावलीच नाहीशी होते.

१९१३ साली बाबासाहेब शिकायला न्यूयॉर्कला गेले, ती जागाही मुलांनी याच गोलावर बोटाने गाठावी. आपल्याकडे सांजवात लागते तेव्हा तिथे सकाळ असते, हे गोल फिरवताच कळते.

पण आमच्या जिल्ह्यात नकाशाची खरी गरज दिवाळीच्या सुमारास पडते. उसाच्या टोळ्या निघतात, उचल घेतलेली असते, मुकादम सांगेल त्या कारखान्यावर जायचे. ज्यांची सोय हंगामी वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे होत नाही ती मुले आईबापांबरोबर ट्रकमध्ये बसतात. परत आल्यावर "कुठे होतास?" म्हटले तर उत्तर एकच, "कारखान्यावर." कोणता तालुका, कोणता जिल्हा, महाराष्ट्र की कर्नाटक, ते माहीत नाही. नेमक्या याच महिन्यांत वर्गात नकाशाचे धडे होऊन जातात. सहा महिने जिथे घाम गाळला ती जागा कागदावर दाखवता येऊ नये, याचे आम्हाला फार वाईट वाटते. आणि यात धोकाही आहे. कोपीत कोणी आजारी पडले, मजुरीवरून वाद झाला, तर आपण नेमके कुठे आहोत हे घरी फोनवर सांगता आले पाहिजे. पोराला ते सांगता आले तर सगळ्या टोळीला आधार होतो.

म्हणून निघण्यापूर्वी मुलाच्या हाती महाराष्ट्राचा जिल्हावार आराखडा द्यावा, पुस्तकांच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो. कोल्हापूरकडे जाणार असाल तर बीड, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, मिरज ही गावे आधी टिंबांनी दाखवून ठेवावीत आणि वाटेत पाटी दिसेल तसे मुलाने टिंब जोडत जावे. पट्टीने मोजले तर बीड-कोल्हापूर अंतर सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर भरते, रस्त्याने त्याहून बरेच जास्त. हा फरक का, हे ट्रकमधल्या वळणांनी आपोआप समजते. पोहोचल्यावर कारखाना, गाव, तालुका, जिल्हा आणि जवळचे पोलीस ठाणे यांची नावे मागच्या बाजूला लिहून घ्यावीत. कोपीत दवाने कागद टिकत नाही, तेव्हा घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत, आधार कार्डाबरोबर ठेवावा.